मधल्या पाण्यातले मीठ

पूर्वी वेत्रा नदीच्या उत्तर तीरावरील शालवती नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील एका व्यापारी कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. उत्तरेत मीठ पिकत नसे, म्हणून तो पैलतीरच्या पलाशनगरातून मीठ विकत आणी. तेथला पिंगल नावाचा व्यापारी त्याला ते पाठवी.

नदी एक होती, पण तिच्या दोन काठांवर कायदे दोन होते. दक्षिणेचा कायदा सांगे की माल नावेत चढला की तो घेणाऱ्याचा. उत्तरेचा सांगे की माल घेणाऱ्याच्या अंगणात पडेपर्यंत तो विकणाऱ्याचाच. त्यामुळे मिठाची नाव बुडाली की पलाशनगरचा न्यायाधीश नुकसान उत्तरेच्या माथी मारी आणि शालवतीचा न्यायाधीश दक्षिणेच्या. दोन्ही दरबारांत शहाणी माणसे होती. त्यांनी पिढ्यानपिढ्या यावर वाद घातला, ग्रंथ लिहिले, मानाची वस्त्रे घेतली. एका बाबतीत मात्र त्यांचे पूर्ण एकमत होते. मधल्या पाण्यात संकटात सापडलेल्या नावेला जो हात लावील, त्याने माल आपला मानला असे धरावे आणि सगळे नुकसान त्याच्याकडून भरून घ्यावे.

या एका कलमाने नदीकाठची रीत घडली. नाव अडचणीत आली की दोन्ही घाटांवरचे व्यापारी हात पाठीमागे बांधून उभे राहत. चुकून हात पुढे दिसला आणि कोणी साक्ष दिली तर, ही भीती. लहान मुलेसुद्धा खेळताना तसेच करीत. एकाने बुडायचे, बाकीच्यांनी हात मागे घ्यायचे. मोठी माणसे तो खेळ पाहत आणि हसत.

एका वर्षी पावसाळा संपल्यावर पिंगलाने सोमिलासाठी मिठाची नाव भरली. नावाडी होता कुंभील. कुंभील म्हणजे मगर. तो पाण्याबाहेर फारसा राहत नाही म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिले होते. त्याचा धाकटा भाऊ त्याच्याबरोबर वल्हे मारत होता. मधल्या धारेत पुरात वाहून आलेले एक झाड रुतले होते. नाव त्यावर आदळली आणि तिची फळी फुटली.

सोमिल तेव्हा उत्तरेच्या घाटावर वाट पाहत होता. त्याने पाहिले, नाव कलली आहे, मीठ पाण्यात विरघळते आहे आणि नावेभोवतीचे पाणी गढूळ पांढरे झाले आहे. कुंभील एका हाताने नावेची कड आणि दुसऱ्या हाताने भावाची मान धरून ओरडत होता.

"शेठ, मीठ गेलं तर जाऊ द्या. आम्हाला तरी काढा."

घाटावर होड्या बांधलेल्या होत्या. घाटावर माणसे होती. सगळ्यांचे हात पाठीमागे होते. पैलतीरावर पिंगल उभा होता, त्याचेही. सोमिलाने खाली पाहिले तेव्हा त्याला कळले की आपलेही हात मागे गेले आहेत. केव्हा गेले ते त्याला आठवेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो होडीकडे निघाला तसा त्याचा मुनीम आडवा आला.

"मालक, मीठ अजून पिंगलाचं आहे. आपल्या कायद्यानं तुम्ही मोकळे आहात. हात लावलात की वखार गेली समजा."

"आणि नाही लावला तर?"

"तर काय. नावाड्यांचं नशीब."

"हे नशीब त्यांनी लिहिलं नाही," सोमिल म्हणाला. "आपल्याच पंडितांनी लिहिलं."

त्याने होडी सोडली. धारेला ओढ फार होती. नावेचा दोर पकडल्याशिवाय त्या दोघांपर्यंत पोहोचता येत नव्हते, म्हणून त्याने दोर पकडला. दोन्ही काठांनी ते पाहिले. त्याने आधी धाकट्याला आणि मग कुंभीलाला होडीत घेतले. नाव त्यांच्या मागे तळाला गेली.

दुसऱ्याच दिवशी पिंगलाची फिर्याद शालवतीला आली. सोमिलाने दोर धरला, सबब मीठ त्याचे. दृढवर्मा राजाचा सोमिलावर लोभ होता. त्याने त्याला एकांतात बोलावले.

"सोमिला, तू माणसांना हात लावलास, नावेला नाही. एवढंच म्हण. बाकी माझा न्यायाधीश पाहून घेईल."

सोमिलाने क्षणभर वखारीचा विचार केला. ती त्याच्या आजोबांनी बांधली होती. मग तो म्हणाला, "महाराज, दोर मी धरला. मी खोटं बोललो तर वखार वाचेल, पण पुढच्या नावेच्या वेळी लोक म्हणतील की सोमिलानंसुद्धा शेवटी हात मागेच घेतला. मी पिंगलाला सगळं भरून देईन. माझं मागणं एकच. आपल्या आणि पैलतीरच्या न्यायाधीशांनी एकदा एका नावेत बसून ही नदी ओलांडावी."

राजाला हसू आले. "आमचा कायदा आमच्या पूर्वजांचा आहे. तो काय नदीत बुडवायला न्यायचा?"

पण नावाड्यांना हसू आले नाही. कुंभीलाने दोन्ही काठांवरच्या आपल्या जातभाईंना एकत्र केले आणि त्यांनी वल्ही झोपड्यांच्या छपरांवर ठेवून दिली. म्हणाले, मधलं पाणी कोणाचं ते ठरू द्या, मग बोलवा. महिना सरेपर्यंत शालवतीत राजाच्या ताटातही अळणी भाजी आली. पलाशनगरात थंडी पडली आणि उत्तरेच्या कांबळ्यांवाचून राणी कुडकुडू लागली. मग दोन्ही राजांना सोमिलाचे मागणे एकाएकी विचार करण्याजोगे वाटले.

कुंभीलाने नाव हाकली. दोन न्यायाधीश समोरासमोर बसले आणि नाव घाट सोडते न सोडते तोच भांडू लागले. सोमिल मध्ये बसला होता. त्या रुतलेल्या झाडाजवळ कुंभीलाने नांगर टाकला. वारा सुटला होता. नाव कलली, पाणी कडेवरून आत आले. सोमिल मुकाट्याने नारळाच्या करवंटीने पाणी उपसू लागला.

दक्षिणेच्या न्यायाधीशाने आपल्या काठाकडे पाहून हाक मारली. घाटावर पिंगल आणि त्याचे सोबती होते. सगळ्यांनी सवयीने हात पाठीमागे घेतले. उत्तरेच्या न्यायाधीशाने आपल्या काठाला हाक दिली. तेथेही तेच झाले.

"हे लोक असे हात मागे का बांधतात?" त्याने विचारले. त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते.

"तुम्हीच तर शिकवलंत, महाराज," कुंभील म्हणाला. "घाबरू नका, नांगर पक्का आहे. बुडालातच, तर तुम्ही विकणाऱ्याचे की घेणाऱ्याचे, एवढं मात्र आधी सांगून ठेवा. आम्हाला नंतर विचारतात."

मग दक्षिणेचा न्यायाधीश हळूच म्हणाला, "तुमचा कायदा आम्ही घेणार नाही."

"तुमचा आम्हीही नाही," उत्तरेचा म्हणाला.

"कोणी कोणाचा घेऊ नका," सोमिल म्हणाला. करवंटी त्याच्या हातात तशीच होती. "काठाचे कायदे काठावर राहू द्या. नदीला तिचा एक द्या. या काठाचा दोर सुटेपर्यंत माल विकणाऱ्याचा. त्या काठाला दोर बांधला की घेणाऱ्याचा. मधल्या पाण्यात जे जाईल ते दोघांचं, निम्मं निम्मं. आणि जीव वाचवायला जो हात पुढे येईल, तो कोणत्याही दरबारात पुरावा होणार नाही."

दोघा पंडितांनी त्यात खोट शोधून पाहिली. नाव हलत होती, म्हणून शोध लवकर संपला. तोच कायदा दोन्ही नगरांत एका शब्दाचाही फरक न करता दवंडी पिटून सांगण्यात आला.

त्यानंतर पिंगल स्वतः सोमिलाकडे आला. "नव्या कायद्यानं निम्मं माझ्यावर येतं," तो खाली पाहत म्हणाला.

"आपली नाव जुन्या कायद्यात बुडाली," सोमिल म्हणाला. "निम्मं घेतलं तर लोक म्हणतील, सोमिलानं आपल्या वखारीपायी नदीला कायदा केला." त्याने वखार विकली, पिंगलाचे मीठ भरून दिले आणि घाटावर एका लहानशा पालात पुन्हा धंदा मांडला.

पुढच्या पावसाळ्यानंतर आणखी एक नाव त्याच झाडावर अडकली. या वेळी दोन्ही घाटांवरून इतक्या होड्या सुटल्या की मध्ये त्यांची एकमेकींवर आपटाआपट झाली आणि नावाडी एकमेकांना शिव्या देऊ लागले. पहिली होडी पिंगलाची होती. सोमिल पालाच्या दारात उभा राहून त्या शिव्या ऐकत होता.

शास्त्याने, म्हणजे भगवंताने, ही कथा ज्या प्रसंगी सांगितली तो असा. दोन विहारांच्या सीमेवर एक वाटसरू भिक्षू तापाने पडला होता. तो दुसऱ्यांच्या सीमेत आहे, असे दोन्ही विहारांचे स्थविर एकमेकांना नियम दाखवून सिद्ध करीत होते आणि तो उन्हात तसाच पडून होता. शास्त्याने स्वतः त्याला उचलून सावलीत नेले, एका उपासकाने धावत आणलेल्या पाण्याने त्याचे अंग पुसले, आणि मग त्या दोघांना जवळ बसवून हे सांगितले.

"भिक्षूंनो, त्या काळचे दोन न्यायाधीश म्हणजे आज वाद घालणारे तुम्ही दोघे स्थविर. सर्वांत आधी पाणी घेऊन धावत आलेला तो उपासक तेव्हा पिंगल होता. तापाने फणफणलेला हा भिक्षू तेव्हा कुंभील होता. आणि सोमिल व्यापारी मीच होतो."

दुसऱ्याच्या बुडण्यात आपलाही वाटा आहे असे मानणे, या गुणाला धर्मात समानार्थता म्हणतात. ते दोन स्थविर उठले आणि विहारात न्यायला एकाने आजाऱ्याचे डोके, दुसऱ्याने पाय उचलले.