सुई, स्पीकर आणि पाटा

घरातल्या वस्तू भांडायच्या, तेव्हाची गोष्ट. रेकॉर्ड प्लेअरची सुई आणि ढोल्या स्पीकर एकाच टेबलावर राहत. स्पीकर घुमला की टेबल थरथरे. ती थरथर सुई उचले आणि स्पीकर तीच दुप्पट घुमवी. दोन गाण्यांच्या मधेही तो नुसता धापा टाकी.

"तूच थरथरतेस!" स्पीकर ओरडला.

"पायाखाली येतं तेच मी सांगते. पाया स्थिर होईपर्यंत गाणार नाही," म्हणत सुई रेकॉर्डवरून उठली ती उठलीच.

शेवटी मालकीण अंबूताईंनी स्पीकर जमिनीवर उतरवला आणि मिक्सर आल्यापासून पडून असलेला पाटा रेकॉर्ड प्लेअरखाली सरकवला. सुई गाऊ लागली. गाणं स्वच्छ आलं.

"तू केलंस तरी काय?" स्पीकरने पाट्याला विचारलं.

"काही नाही. हललो नाही."