वणव्यातून आलेली चंद्री

पळसझरी गावाबाहेर, ओढ्याकाठच्या जुन्या मठात सोमगिरी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. भाविकहो, मन लावून ऐका.

गावात सारजा नावाची विधवा राहत असे. लहानपणीच्या तापाने तिच्या लेकीचे, वेणूचे, दोन्ही पाय लुळे पडले होते. पोर दिवसभर घोंगडीवर बसून राही. बोलणेही तिने जवळजवळ टाकले होते. आपल्यामागे हिचे कसे होईल, या काळजीने सारजेला घास गोड लागत नसे.

एके दिवशी महाराजांनी मठातल्या चंद्री म्हशीचे दावे सारजेच्या हाती दिले. "ही वेणूची सोबतीण," महाराज म्हणाले. "तिच्याजवळ बांध."

चंद्री स्वभावाने फार गरीब. वेणूने मानेवर हात ठेवला, की ती गुडघे टेकून बसे आणि वेणू हातांच्या बळावर तिच्या पाठीवर चढे. हळूहळू पोर गायरानात फिरू लागली, गाणी म्हणू लागली! सारजेला बरे वाटे. पण म्हैस नजरेआड झाली, की हातातले काम टाकून ती दारात येऊन उभी राही.

त्यात गावचे दौलतराव देशमुख भर पाणवठ्यावर म्हणाले, "अगं सारजे, म्हशीची जात म्हणजे यमाचं वाहन. तुझ्या बुवानं पांगळ्या पोरीची वर जायची सोयच केली की."

लोक हसले. सारजा घागर अर्धीच भरून घरी परतली.

आणि चैत्रातल्या एका दुपारी गायरानाला वणवा लागला. वाळलेले गवत भडभडा पेटले. गुरे शेपट्या उभारून गावाकडे पळत आली. त्यांत चंद्री नव्हती, आणि तिच्या पाठीवर बसून गेलेली वेणूही नव्हती. सारजा धुराकडे धावली, तर लोकांनी तिला ओढून धरले. गायरानापलीकडची आमराई बघायला गेलेले दौलतरावही आतच अडकले, असे कुणीतरी म्हणाले. लोकांचे हात झिडकारून ती मठाकडे पळाली.

महाराज ओट्यावर डोळे मिटून बसले होते. उजव्या हाताची मूठ पुढे घट्ट आवळलेली.

"महाराज, माझी वेणू..."

"नाम घे, सारजा. मी धरलंय."

काय धरलेय, हे विचारायचे तिला सुचले नाही. ती नुसती त्या मुठीकडे बघत राहिली. बघता बघता हाताच्या पाठीवर टरारून फोड आले. सारजेने हात जोडले आणि ती मोठ्याने नाम घेऊ लागली.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. धुरातून चंद्री संथ पावलांनी येत होती. पाठीवर वेणू, आणि मागे तिची शेपटी धरून खोकत, अडखळत आलेले दौलतराव!

चंद्री थेट मठाच्या अंगणात येऊन थांबली. सारजेने लेकीला पोटाशी धरले.

"आई, मी खाली पडले होते गं," वेणू म्हणाली. "सगळी गुरं पळाली, पण चंद्री गुडघे टेकून थांबली. मग काकांची हाक आली. मी ओरडून सांगितलं, शेपूट धरा. आणि पुढं धुरात कुणीतरी तिचं शिंग धरून चालत होतं."

दौलतरावांनी महाराजांचा भाजलेला हात पाहिला आणि ते पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"तुम्हाला बोट धरून आणणाऱ्या दोघी अंगणात आहेत," महाराज म्हणाले.

दौलतराव अंगणात आले. "पोरी, चुकलो," एवढेच त्यांना बोलवले. वेणूला हात जोडून ते वाकले आणि चंद्रीच्या राखेने माखलेल्या खुरांवर त्यांनी कपाळ टेकले.