नाकाची पाच कलमं

म्हादू कुंभाराचं चोंदलेलं नाक मोकळं झालं खरं, पण पाठोपाठ राजवैद्यांची आकारणी आली, ती भरता येईना आणि घरातलं चाकच जप्त झालं! कलमं पाच, पाचांचे पैसे वेगळे: नाकात डोकावणं, नाकात शिरणं, आतली वाट मोकळी करणं, कपाळातली पोकळी धुणं आणि, कमाल म्हणजे, नाकातून बाहेर येणं.

म्हादूची बायको गोजरा तरातरा दरबारात गेली. चाकाशिवाय आम्ही खायचं काय, असं तिनं थेट राजालाच विचारलं. राजा आधीच वैतागलेला. त्याचंही नाक चोंदून कपाळ ठणकत होतं आणि राजवैद्य त्र्यंबकशास्त्री चांदीची नळी घेऊन शेजारीच बसले होते. शास्त्रीबुवा म्हणाले, दरपत्रकावर महाराजांचा शिक्का आहे, एकही कलम मनचं नाही. झालं! आपला शिक्का चुकला असं हा हट्टी राजा मेला तरी म्हणणार नव्हता.

“दरपत्रकातलं अक्षरही न बदलता पाचाचं एक कलम करून दाखव,” तो गोजराला म्हणाला. “चाक परत देतो. नाही जमलं तर चाक विसर.”

दरबारी फिदीफिदी हसले. त्यांना पगारच त्याचा! गोजरानं पदर खोचला.

“महाराज, कलमं वेगवेगळी आहेत ना? मग तुम्ही नुसतं चौथं घ्या. बुवांनी कपाळ धुवावं. नाकात डोकावायचं नाही, शिरायचं नाही. मग बाहेर यायचा प्रश्नच नाही.”

राजाला ही काटकसर फार आवडली. हुकूम सुटला. शास्त्रीबुवांनी नळी नाकाशी नेली, मागे घेतली, पुन्हा नेली. कपाळाकडे जायला दुसरी वाट आणणार कुठून? शेवटी घाम पुसत ते पुटपुटले, “महाराज, नाकात शिरल्याशिवाय कपाळ कसं धुणार? चौथ्यात बाकीची आलीच.”

“आलीच ना?” गोजरा म्हणाली. “मग माझ्या नवऱ्याच्या नाकात ती वेगळी कशी निघाली? आम्हीही रांजण विकतो, बुवा. त्याच्या तोंडाचे पैसे वेगळे लावत नाही.”

राजा आधी गालात हसला, मग खो खो हसत सुटला. हसता हसता त्याला अशी सणसणीत शिंक आली की नाक, कपाळ सगळं मोकळं! चाक परत मिळालं, वर राजवाड्याच्या सगळ्या रांजणांचं काम गोजराला.

शास्त्रीबुवा मात्र घाईघाईनं दरपत्रक चाळत होते. जाता जाता गोजरानं विचारलं, “बुवा, शिंकेचं कलम सापडलं का?”