मिठाला पाण्याने सांभाळले

माणसाने अजून मीठही चाखले नव्हते, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. मूलद्रव्यांच्या राज्यात सोडियम नावाचा एक अणू राहत होता. त्याच्या आतल्या कक्षा भरलेल्या होत्या, पण सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन होता. त्या एकट्यापायी सोडियमच्या जिवाला स्वस्थता नव्हती. दिसेल त्याच्याशी तो भांडण उकरून काढी.

शेजारी क्लोरीन राहायचा. त्याच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन होते. आठ व्हायला एकच कमी. तोही सदा धुसफुसत असे. त्याच्या वाऱ्यालाही कोणी उभे राहत नसे.

एके दिवशी सोडियम निऑन आजोबांकडे गेला. त्यांची बाहेरची कक्षा आठ इलेक्ट्रॉनांनी भरलेली, म्हणून ते कायम शांत.

"आजोबा, मी काय करू?"

"तुला जे डोईजड झालंय, ते कुणाला तरी हवं असेल. देऊन बघ."

सोडियमने धीर करून क्लोरीनचे दार वाजवले आणि आपला इलेक्ट्रॉन त्याच्या ओंजळीत ठेवला.

क्लोरीनचे डोळे भरून आले. "दादा, आजवर माझ्या दारात कोणी आलं नव्हतं रे!"

इलेक्ट्रॉन दिल्याने सोडियम धनभारित झाला, घेतल्याने क्लोरीन ऋणभारित झाला. दोघांना एकमेकांची अशी ओढ लागली की ते घट्ट बांधले गेले. हाच आयनिक बंध. त्यांच्यासारखे असंख्य येऊन मिळाले आणि मिठाचा लखलखीत खडा तयार झाला.

सुख आले, तसा सोडियमला थोडा ताठाही आला. जवळच ओढ्यातल्या पाण्याचा एक रेणू होता: एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन बहिणी.

"तुमच्यात कोणी कोणाला काय दिलं?" सोडियमने विचारले.

थोरली हायड्रोजन म्हणाली, "माझ्याजवळ एकच इलेक्ट्रॉन. तो देऊन टाकला तर मी रितीच राहीन. म्हणून एक माझा आणि एक ऑक्सिजनदादाचा, अशी जोडी आम्ही मिळून वापरतो. धाकटीचंही तसंच. याला सहसंयुज बंध म्हणतात."

"द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हे कसलं नातं!" सोडियम हसला.

पुढे ओढ्याला पूर आला. पाणी खड्यात शिरले आणि सोडियमचा हात क्लोरीनच्या हातातून सुटला. तो घाबरून ओरडला. तेव्हा पाण्याच्या रेणूंनी त्याला चहूबाजूंनी घेरले. वाटून घेतलेल्या जोड्या ऑक्सिजनकडे जरा जास्त ओढलेल्या असत, म्हणून ऑक्सिजन किंचित ऋणभारित आणि हायड्रोजन किंचित धनभारित होते. सगळे ऑक्सिजन त्याच्याकडे वळले. "भिऊ नका, आम्ही आहोत." तिकडे क्लोरीनला हायड्रोजन बहिणींनी सावरून धरले. लोंढा एवढा मोठा, पण पाण्याच्या रेणूंनी मिळून धरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या काही सुटल्या नाहीत.

पूर ओसरला, ऊन पडले, पाणी वाफ होऊन निघाले. सोडियमला पुन्हा क्लोरीन भेटला. निघालेल्या थोरल्या हायड्रोजनला त्याने हात जोडले.

"ताई, तुमच्या नात्याला मी हसलो आणि त्याच नात्याने मला तारलं. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"उपकार कसले, दादा? तुम्ही आलात म्हणून आमच्या पाण्याला चव आली."

कोणी देऊन जोडले जाते, कोणी वाटून घेऊन. ज्याच्यामुळे आपण पूर्ण झालो, ज्याने आपल्याला तारले, त्याचे ऋण मात्र प्रत्येकाने मानावे.