देवाचा वकील

निमगड संस्थानात भैरोबाचे चांदीचे डोळे चोरीला गेले, आणि देवळात झाडलोट करणाऱ्या ठकूबाईचा धाकटा मुलगा बापू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. फिर्यादी खुद्द भैरोबा! देवाला बोलता येत नाही, म्हणून दरबारानं खजिन्यातून त्याला वकील दिलेला. त्या वकिलानं एक साक्षीदार उभा केला आणि तासभर कायदा घोळवला. बापूला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

ठकूबाई हात जोडून म्हणाली, "सरकार, माझ्या लेकरालाही एक वकील द्या. आमची ऐपत नाही."

न्यायाधीश रावसाहेब मिशीला पीळ देत हसले. "बाई, पोरगा निर्दोष असेल तर वकील हवा कशाला? निर्दोष माणसाच्या पाठीशी देव असतो."

"असतो ना, सरकार. पण इथं तो समोरच्या बाजूला बसलाय. आणि तुमच्या कचेरीत जिथं देवाचंसुद्धा वकिलावाचून भागत नाही, तिथं माझ्या पोराची काय कथा?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. रावसाहेबांचा पीळ उतरला. त्यांनी खजिन्यातून वकील देण्याचा हुकूम केला. त्या वकिलाच्या चार प्रश्नांतच खोटा साक्षीदार उघडा पडला, आणि बापू सुटला.

"जीभ मोठी तल्लख आहे तुझी," रावसाहेब म्हणाले. "मग आता रडतेस कशाला?"

ठकूबाईनं पदर डोळ्यांना लावला. "गेल्या साली देवाच्या समईच्या चोरीपायी माझा थोरला ह्याच पिंजऱ्यात उभा होता, सरकार. तुम्ही हेच बोलला होतात. तो तुरुंगातच वारला. हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही."