शिंपिणीचा मूठभर कापूस

सन दोन हजार एकोणीस. वैशाख महिना. कडक उन्हाळा.

फलटणला एक घर होतं. घराच्या खिडकीपाशी पेरूचं झाड होतं. झाडावर एक शिंपीण राहायची.

शिंपीण म्हणजे एक पाखरू. अंगठ्याएवढं. पाठ हिरवी. डोकं तांबूस. शेपटी उभी. चोच म्हणजे सुई.

शिंपिणीने पेरूची दोन पानं जवळ घेतली. टाका घातला. टुच्. आणखी टाका घातला. टुच्. घरटं झालं.

घरटं झालं, पण आत गादी नव्हती. संध्याकाळी तर अंडं घालायचं होतं. नुसत्या पानावर अंडं ठेवलं की ते गडगडतं. म्हणून शिंपिणीने सावरीचा कापूस आणला. लांबून आणला. चोचीचोचीने आणला. खिडकीत ठेवला. मूठभर झाला.

मग ती शेवटचा टाका घालायला गेली. टुच्. परत आली.

कापूस नव्हता.

कापूस मुक्ताने नेला होता. मुक्ता त्या घरातली मुलगी. ती मालवणला जाऊन आली होती. आई, बाबा आणि आजोबा बरोबर होते. आजोबांना सगळे आप्पा म्हणत. मुक्ताने समुद्र बघितला होता. ती होडीत बसली होती. आता ती चिकटवहीत मालवणचं पान करत होती. साधं पान नाही. थरावर थर.

सगळ्यात खाली निळा कागद. तो समुद्र.
कागदावर कापूस. तो लाटेचा फेस.
कापसावर होडीचं तिकीट.
तिकिटावर फोटो. फोटोत होडी, होडीत आप्पा, आप्पांच्या मांडीवर मुक्ता.
फोटोवर लाल फीत.
फितीवर कवडी.

चिकटवायला आईने पिठाची खळ शिजवून दिली होती. पान फुगू नये, म्हणून मुक्ताने वर पोळपाट पालथा घातला. मग ती तिथेच झोपली.

दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यावी. मुक्ताने विचारलं नव्हतं.

शिंपीण खिडकीतून आत आली. टुणटुण टुणटुण. तिने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. पोळपाटाच्या खाली वाकून बघितलं. तिथे कापूस दिसला. जरासाच. खळ अजून ओली होती. वाळली असती, तर कापूस कायमचा गेला असता.

शिंपीण म्हणाली,
"कापूसभाऊ, कापूसभाऊ,
घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

कापूस खालून बोलला. आवाज मऊ होता.
"तिकीट निघेल, तर मी येईन."

शिंपीण तिकिटाकडे गेली. टुणटुण टुणटुण. तिकिटाचा एक कोपरा फाटका होता. तरी ऐट मोठी. म्हणे मी समुद्रावर जाऊन आलोय, तू कुठे गेली आहेस? शिंपिणीने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"तिकीटराव, तिकीटराव,
कापूस येईना,
घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

तिकीट म्हणालं,
"फोटो सरेल, तर मी निघेन."

शिंपीण फोटोकडे गेली. टुणटुण टुणटुण.
"फोटोराव, फोटोराव,
तिकीट निघेना,
कापूस येईना,
घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

फोटो घाबरट होता. तो म्हणाला की आपण हललो आणि आप्पांचं नाक वाकडं चिकटलं, तर आप्पा कुणाला सोडायचे नाहीत.
"फीत सुटेल, तर मी सरेन."

शिंपीण फितीकडे गेली. टुणटुण टुणटुण. फीत लाल होती. चकचकीत होती.
"फीतताई, फीतताई,
फोटो सरेना,
तिकीट निघेना,
कापूस येईना,
घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

फीत म्हणाली,
"कवडी ढळेल, तर मी सुटेन."

शिंपीण कवडीकडे गेली. टुणटुण टुणटुण. कवडी पांढरी. कवडी गोल. पाठीवर पोळपाट घेऊन बसली होती. डुग डुग, डुग डुग.
"कवडीबाई, कवडीबाई,
फीत सुटेना,
फोटो सरेना,
तिकीट निघेना,
कापूस येईना,
घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

कवडी कण्हली. म्हणाली,
"पोळपाट हलेल, तर मी ढळेन."

शिंपीण पोळपाटावर चढली. टुणटुण टुणटुण. पोळपाट पालथा होता. पोट खाली, तीन पाय वर. असा तो कधी झोपला नव्हता. तो रागावला होता. मी स्वयंपाकघरातला माणूस, मला वहीवर कुणी आणलं, असं तो विचारत होता. शिंपीण त्याच्या एका पायावर बसली.
"पोळपाटकाका, पोळपाटकाका,
कवडी ढळेना,
फीत सुटेना,
फोटो सरेना,
तिकीट निघेना,
कापूस येईना,
घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

पोळपाट म्हणाला,
"आई कणीक मळेल, तर मी हलेन."

आई मागच्या दारात होती. सुपात तांदूळ निवडत होती. खडा दिसला की फेकत होती. टिक्. शिंपीण सुपाच्या काठावर बसली.
"मुक्ताची आई, मुक्ताची आई,
पोळपाट हलेना,
कवडी ढळेना,
फीत सुटेना,
फोटो सरेना,
तिकीट निघेना,
कापूस येईना,
घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

आईने खडा फेकला. टिक्.

"अगं बाई, आप्पांना पोळी लागते ती तव्यावरची. गार वाढली तर घर डोक्यावर घेतील. आप्पा उठतील, तर मी मळेन."

शिंपीण ओसरीवर गेली. टुणटुण टुणटुण. ओसरीवर बाज होती. बाजेवर आप्पा होते. आप्पा घोरत होते. घुर्रर्र. फुस्. घुर्रर्र. फुस्. मिशी वर जायची. मिशी खाली यायची.
"आप्पा, ओ आप्पा,
आई मळेना,
पोळपाट हलेना,
कवडी ढळेना,
फीत सुटेना,
फोटो सरेना,
तिकीट निघेना,
कापूस येईना,
घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. डोळे मिटूनच बोलले.
"झोप उडेल, तर मी उठेन."

झोप तिथेच होती. आप्पांच्या मिशीवर बसली होती. जाड होती. मऊ होती. मांजरीसारखी अंग चोरून बसली होती. शिंपीण आप्पांच्या उशीवर गेली. अगदी हळू. टुण. टुण.
"झोपमावशी, झोपमावशी,
आप्पा उठेनात,
आई मळेना,
पोळपाट हलेना,
कवडी ढळेना,
फीत सुटेना,
फोटो सरेना,
तिकीट निघेना,
कापूस येईना,
घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

झोपेने जांभई दिली.
"मला उडवणारं कुणी नाही. मी कशाला उडू?"

आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. खिडकीतलं ऊन खाली आलं होतं. खळ वाळत होती.

शिंपीण वळली. आप्पांकडे पाठ केली. शेपटी उभी केली. आणि शेपटीचं टोक घातलं ते थेट आप्पांच्या नाकात.

गुदू. गुदू. गुदू.

मिशी थरथरली. नाक फुगलं.

आऽऽऽक् छीं!

झोप उडाली. भुर्रर्र. शेजारच्या घरी गेली.

झोप उडाली, आप्पा उठले. बाज कुरकुरली. कुर्र कुर्र. आप्पांनी तोंड धुतलं. पाटावर बसले. म्हणाले, "पोळी."

आप्पा उठले, आईने कणीक मळली. धप् धप्. धप् धप्. मग तिने पोळपाट शोधला. फळीवर नाही. मोरीत नाही. सापडला मुक्ताच्या वहीवर. आईने कपाळाला हात लावला. हाताचं पीठ कपाळाला लागलं.

आईने कणीक मळली, पोळपाट हलला. डुग. उचलला गेला.
पोळपाट हलला, कवडी ढळली. टक् टक् टक्.
कवडी ढळली, फीत सुटली. सर्रर्र.
फीत सुटली, फोटो सरला. सप्.
फोटो सरला, तिकीट निघालं. पक्.
तिकीट निघालं, कापूस वर आला. फुस्.

शिंपीण झेपावली.

तेवढ्यात कापसावर एक हात पडला. लहानसा हात. खळीने माखलेला. मुक्ता जागी झाली होती.

मुक्ता म्हणाली, कापूस माझा आहे. तो लाटेचा फेस आहे. फेस नसेल तर समुद्र कसला? तिने हात घट्ट दाबला.

शिंपीण तिच्या बोटांसमोर बसली. आता फार सांगायचं उरलं नव्हतं.
"घरटं भरेना.
अंडं ठेवू कुठं?"

आप्पा पाटावरून सगळं बघत होते. त्यांनी मुक्ताला विचारलं,
"कापूस कुठे मिळाला?"

"खिडकीत होता."

"खिडकीत कुणी ठेवला होता?"

मुक्ताने खिडकीकडे बघितलं. मग शिंपिणीकडे बघितलं. आई पोळी लाटत होती. लाटणं फिरत होतं. घर्र घर्र.

मुक्ताने हात उचलला.

शिंपिणीने कापूस चोचीत धरला. ओढला. थोडा निघाला. थोडा खळीला धरून राहिला. शिंपिणीने पुन्हा ओढलं. खळीतला निघाला नाही. जो निघाला, तो तिने नेला. खिडकीतून बाहेर. पेरूवर. घरट्यात.

निळ्या कागदावर पांढरा पुंजका राहिला होता. लाटेला फेस आला होता. मुक्ता खूश झाली. तिने पुंजक्याशेजारी तिकीट लावलं. त्यावर फोटो लावला. फोटोवर फीत लावली. फितीवर कवडी लावली. दाबायला पोळपाट मागितला. आई म्हणाली, आता पोळपाट मिळायचा नाही, तो कामात आहे.

मग आप्पांनी पान जवळ ओढलं. डावा हात पानावर ठेवला. उजव्या हाताने पोळी खाल्ली. पोळी गरम होती. वर तूप होतं. आप्पांचा हात जड होता. पान अजिबात फुगलं नाही.

शिंपीण परत खिडकीत आली. टुणटुण टुणटुण. आत बघू लागली.

आप्पांनी विचारलं, "मुक्ते, किती नेला होतास?"

"मूठभर."

"दिलास किती?"

मुक्ताने मूठ केली. मग अर्धी उघडली.

"मग उरलेला?"

उरलेला पानावर होता. कवडीशेजारी. खळीत. आता तो निघणार नव्हता. मुक्ताने पानाकडे बघितलं. तिला रडू आलं. ते तिने गिळलं. ती उठली.

मुक्ता आत गेली. तिची एक उशी होती. छोटी. हत्तीच्या चित्राची. रोज ती तीच घ्यायची, दुसरी घ्यायची नाही. उशी सावरीच्या कापसाने भरलेली होती. मुक्ताने कोपऱ्यातला एक टाका उसवला. कट्. बोट आत घातलं. कापूस ओढला. फुस्. आणखी ओढला. फुस्. उशी जराशी बसली.

आईने बघितलं. ती रागावली नाही. दुसरी पोळी लाटायला लागली.

मुक्ता खिडकीपाशी आली. तिने तळहात पसरला. शिंपीण लांब सरकली. मुक्ता हलली नाही. शिंपीण जवळ आली. टुण. थांबली. टुण. तळहातावर चढली. पाय हलके होते. मुक्ताला गुदगुल्या झाल्या, तरी ती हसली नाही.

शिंपिणीने कापूस उचलला. घरट्यात नेला. परत आली. पुन्हा उचलला. पुन्हा नेला. चोचीने पसरला. पायाने दाबला.

घरटं भरलं. मऊ झालं. ऊन उतरलं, तेव्हा शिंपिणीने अंडं घातलं. छोटं. निळसर. ठिपक्यांचं. ते गडगडलं नाही.

मूठभर नेला होता. मूठभर परत केला.