न ठरलेलं आणि न कळलेलं

"पण सर, यात चूक काय आहे?"

हेरंबने विचारलं, तेव्हा तिरोडकर सर त्याच्या हस्तलिखितातल्या एकाच पानावर मघापासून अडून बसले होते.

शाळेत फिजिक्सची गोडी सरांनीच लावलेली. पुढे हेरंब बंगळूरला शास्त्रज्ञ झाला. आता त्याने सामान्य वाचकांसाठी क्वांटमवर पुस्तक लिहिलं होतं आणि कित्येक वर्षांनी वेंगुर्ल्याला आला होता, तो शाबासकी घ्यायला.

पानावर एक खलाशी होता. समुद्रावर गेला, पुढे बातमी नाही. बातमी येईपर्यंत घरच्यांसाठी तो जिवंतही आणि मेलेलाही. इलेक्ट्रॉनचंही तसंच, हेरंबने लिहिलं होतं. बघेपर्यंत तो इथेही आणि तिथेही.

सर एवढंच म्हणाले होते, हे काढ.

हेरंबला ते लागलं. व्याख्यानात याच दाखल्यावर सभागृह गप्प होतं, असं त्याने सांगून पाहिलं. गणित न येणाऱ्याला याहून सोपं काय सांगायचं, असंही म्हणाला.



तेवढ्यात काकूंनी जेवायला हाक मारली. आत चार ताटं मांडलेली. माणसं तीन.

"अजून कोण यायचंय, काकू?"

काकू वरण आणायला वळल्या.

सरांनीच सांगितलं. उमेश, त्यांचा एकुलता मुलगा, मालवाहू जहाजावर होता. मागल्याच्या मागल्या पावसाळ्यात जहाज बुडालं. काही जण वाचले, काहींची प्रेतं मिळाली. उमेश कशातच नव्हता.

हेरंबला तोंड वर करवेना.

"मला ठाऊक नव्हतं, सर. काढतो ते पान. तुम्हाला दुखवायचं..."

"दुखतं म्हणून नको काढू. चूक आहे म्हणून काढ."

...

"इलेक्ट्रॉनचं ठरलेलंच नसतं, हेरंबा. बघेपर्यंत निसर्गालाही ठाऊक नसतं. उमेशचं ठरलंय. त्याच दिवशी ठरलं. आपल्याला कळलेलं नाही, एवढंच."

काकू वरणाचं पातेलं घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुढे येऊन त्यांनी हेरंबला वाढलं, सरांना वाढलं. चौथ्या ताटापाशी मात्र त्यांचा हात थांबला...

सर उठले. त्यांनी काकूंच्या हातून पळी घेतली आणि चौथ्या ताटातल्या भातावर स्वतः वरण वाढलं. वर तूप सोडलं.

हेरंबला राहवलं नाही.

"मग सर... हे?"

"हे फिजिक्स नव्हे. जेव."